थबकणारा रायबोसोम

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या मांडीस गळू झाले. घरच्या मंडळींनी प्रथम पोटीस बांधले, मग औषधाच्या दुकानातून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत ठणका कमी झाला व तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबल्या. उरलेल्या गोळ्या धाकट्या बहिणीच्या घशासाठी डब्यात जपून ठेवण्यात आल्या. पंधरा दिवसांनी गळू पुन्हा वर आले आणि ह्या खेपेस मुलास ताप भरला. तेव्हा मात्र त्याला कोळारहून बीदरला डॉक्टरांकडे नेणे भाग पडले. डॉक्टरांनी गळू फोडून पू काढला आणि त्यातील थोडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविला.

दोन दिवसांनी अहवाल आणण्यास आम्ही गेलो, तेव्हा विज्ञान मंडळाचे चार विद्यार्थी आमच्याबरोबर होते. प्रयोगशाळेतील बाईंनी मुलांची उत्सुकता पाहून सर्वांना आत बोलाविले व काचेची एक तबकडी उजेडात धरून दाखविली. तबकडीत खळीसारखे घट्ट पोषकद्रव्य होते. त्यावर पुवातील जंतू पसरून ती रात्रभर पस्तीस अंश उष्णतेत ठेवलेली होती. जंतूंची वाढ होऊन सगळा पृष्ठभाग दुधाळ झाला होता. त्यावर औषधात भिजविलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवल्या होत्या. ज्या औषधाने जंतू मरतात त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ वलय पडते, हे मुलांस पुस्तकावरून ठाऊक होते. एरिथ्रोमायसिनच्या टिकलीभोवती असे वलय मुळीच नव्हते. जंतू टिकलीच्या कडेपर्यंत निर्धास्तपणे वाढले होते. तिच्या शेजारी, सुमारे दोन सेंटिमीटरांवर, क्लिंडामायसिन ह्या दुसऱ्या औषधाची टिकली होती. तिच्याभोवती वलय पडले होते, पण ते गोल नव्हते. एरिथ्रोमायसिनच्या बाजूस ते चपटे झाले होते आणि इंग्रजी 'डी' अक्षरासारखे दिसत होते. म्हणूनच ह्या परीक्षेला जगभर डी-परीक्षा म्हणतात.

बाईंनी अहवालात क्लिंडामायसिनही निरुपयोगी असे नोंदविले. आमच्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, "बाई, तीन बाजूंनी तर जंतू मेलेले दिसतात. मग चौथ्या बाजूस एका औषधाने त्यांना दुसऱ्या औषधाची आगाऊ सूचना दिली काय?"

बाई हसून म्हणाल्या, "जवळजवळ तसेच. पण ती सूचना पोचविणारा असतो जंतूच्या पोटात अडकलेला एक रायबोसोम."

ह्या उत्तराने आमची परतीची वाट बोलण्यात गेली, आणि प्रस्तुत लेखाचा जन्मही तेथेच झाला.

विद्यार्थीमित्रहो, पेशी जे जे काही करते ते बहुतांशी प्रथिनांच्या हातून करते. अन्न फोडणे, नवे घटक जुळविणे, भिंत बांधणे, विष बाहेर टाकणे, ही सारी प्रथिनांची कामे होत. प्रत्येक प्रथिन कसे घडवावे ह्याची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते, त्या लेखास आपण जनुक म्हणतो. ह्या मूळ लेखाची एक नक्कल आरएनएच्या धाग्यावर उतरते, ती संदेशवाहक आरएनए. रायबोसोम हा त्या नकलेचा वाचक व कारागीर दोन्ही होय. तो धाग्यावरची तीन तीन अक्षरे वाचीत पुढे सरकतो आणि दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल साखळीत गुंफतो. अक्षरे चार, त्यांतून होणारे त्र्यक्षरी शब्द ६४, आणि अमिनो आम्ले वीस. ६४ शब्दांपैकी तीन शब्दांचा अर्थ 'येथे थांबावे' इतकाच असतो. हा कोश उलगडण्याबद्दल १९६८ साली हरगोविंद खुराना, मार्शल नीरेनबर्ग व रॉबर्ट हॉली ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोळारच्या मुलाला घरी मराठी, बसथांब्यावर कन्नड आणि बाजारात दखनी बोलावी लागते. गळवातल्या जंतूची व त्या मुलाची रेणूंची भाषा मात्र जवळजवळ अक्षरशः एकच आहे, ह्याचे आम्हांस प्रत्येक वेळी नवल वाटते.

रायबोसोमची लांबीरुंदी मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी. एवढ्याशा देहात जीवाणूच्या बाबतीत तीन आरएनए व पन्नासाहून अधिक प्रथिने एकत्र बसविलेली असतात. वेग म्हणाल तर सेकंदास पंधरा ते वीस अमिनो आम्ले. त्याची अंतर्रचना अणूअणूपर्यंत पाहता आली ती २००० सालच्या सुमारास, आणि त्याबद्दल २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक आदा योनाथ, थॉमस स्टाइट्झ व वेंकटरामन रामकृष्णन ह्या तिघांना विभागून देण्यात आले. रामकृष्णन ह्यांचा जन्म १९५२ साली तमिळनाडूतील चिदंबरमचा, पण बालपण व शिक्षण बडोद्याचे. ज्या गायकवाडांच्या नगरीने मराठी विद्येला आश्रय दिला, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये ते पदवीधर झाले, आणि तेही भौतिकशास्त्रात. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. अकरावीला कोणती शाखा घ्यावी ह्या विवंचनेने रात्र रात्र जागणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावयास हरकत नाही.

आता ह्या यंत्राच्या एका भागाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे. साखळी जेथे गुंफली जाते ते ठिकाण रायबोसोमच्या गाभ्यात असते, आणि तयार होणारी साखळी एका अरुंद भुयारातून बाहेर पडते. आपल्या नौबादच्या सुरंगबावीत उतरून ज्यांनी बहामनी काळातील कारेझ पाहिली आहे, त्यांना ही रचना समजण्यास वेळ लागणार नाही. पाणी जमिनीखालून निमूट वाहते आणि दूरवर कोठे तरी उजेडात येते. रायबोसोमच्या भुयारात साधारणपणे तीस ते चाळीस अमिनो आम्लांची साखळी मावते. बराच काळ शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की हे भुयार गुळगुळीत आहे, त्यातून कोणतीही साखळी विनातक्रार घसरत जाते. ही समजूत पुरती खरी नव्हती. काही विशिष्ट साखळ्या भुयाराच्या भिंतीस अशा काही भिडतात की आत गाभ्यात चाललेले काम जागच्या जागी थांबते. जीवाणूने ह्या थांबण्याचाच उपयोग करून घेतला आहे.

थांबण्याने काही घडते कसे, हे समजण्यासाठी घरी एक सोपा प्रयोग करून पाहावा. हातभर सुती दोरा घ्यावा, त्यास दोन्ही टोकांनी उलटसुलट भरपूर पीळ द्यावा आणि मग टोके जवळ आणावीत. दोरा स्वतःवरच गुंडाळून त्याची वेणी होते. आता पुन्हा तेच करावे, पण ह्या वेळी दोऱ्याच्या एका जागी बोट धरून ठेवावे. वेणी पडते, पण निराळ्या जागी पडते. संदेशवाहक आरएनएचा धागाही असाच आहे. त्याचे काही तुकडे एकमेकांस पूरक असतात व संधी मिळताच एकमेकांस बिलगून वेटोळे करतात. कोणता तुकडा कोणास बिलगेल हे पुष्कळदा धाग्यावर रायबोसोमचे बोट कोठे टेकले आहे ह्यावर ठरते.

ह्या युक्तीचा पहिला सविस्तर उलगडा १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की ह्यांनी केला. त्यांचा विषय होता ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जीवाणू ते स्वतः बनवू शकतो. त्यासाठी लागणारी पाच जनुके ओळीने एकत्र असतात. ट्रिप्टोफॅन आयते मिळत असता ते बनविण्याचा खर्च करणे मूर्खपणाचे, हे त्या जीवाणूसही 'कळते'. ते कसे? पाच जनुकांच्या आधी धाग्यावर एक लहानसा प्रास्ताविक भाग आहे. त्यात अवघ्या चौदा अमिनो आम्लांची कृती असून त्या चौदांत ट्रिप्टोफॅनचा शब्द लागोपाठ दोनदा येतो. सर्वसाधारण प्रथिनात शंभरांत एखादेच ट्रिप्टोफॅन असते हे ध्यानात घेतले, म्हणजे ही जोडी किती हेतुपूर्वक बसविल्यासारखी वाटते ते कळेल. जीवाणूत धाग्याची नक्कल उतरत असतानाच मागून रायबोसोम ती वाचू लागतो. ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर रायबोसोम त्या जोडीवरून सरळ पुढे जातो, मागचा धागा अशा प्रकारे वेटोळे करतो की नक्कल करणारे यंत्रच गळून पडते, आणि पाचही जनुके न उतरताच राहतात. ट्रिप्टोफॅनचा तुटवडा असेल तर रायबोसोम त्या दोन शब्दांपाशी वाट पाहात उभा राहतो. त्याचे बोट तेथे टेकल्याने वेटोळे दुसऱ्या ठिकाणी पडते, नक्कल पुढे चालू राहते, आणि कारखाना उघडतो. तुटवड्याची बातमी देण्यास येथे वेगळा दूत लागत नाही. कामगार माल नाही म्हणून हात बांधून बसला, हीच बातमी.

आता आमच्या तबकडीकडे परत येऊ.

एरिथ्रोमायसिनचा शोध लागला तो फिलिपाईन्समधील इलोइलो येथील मातीच्या एका नमुन्यातून. अबेलार्दो अगिलार ह्या डॉक्टरांनी १९४९ साली तो नमुना अमेरिकेस पाठविला व १९५२ पासून औषध बाजारात आले. हे औषध रायबोसोमच्या भुयाराच्या तोंडाशी, गाभ्याच्या अगदी जवळ, जाऊन बसते. भुयार त्यामुळे पूर्ण बुजत नाही, फक्त अरुंद होते. बहुतेक साखळ्या तेथे अडतात व जंतूची वाढ खुंटते. पण औषध रुळल्यावर थोड्याच वर्षांत त्यास न जुमानणारे जंतू ठिकठिकाणी आढळू लागले. त्यांतील पुष्कळांजवळ एक विशेष जनुक होते. त्या जनुकाचे प्रथिन रायबोसोमच्या मोठ्या आरएनएतील एकाच ठराविक अक्षराला, ई. कोलायच्या मोजणीने २०५८ क्रमांकाच्या अक्षराला, दोन मिथिल गट चिकटविते. सुमारे २,९०० अक्षरांपैकी एका अक्षराला एवढा ठिगळ लागला की औषधास बसण्याची जागा राहत नाही. क्लिंडामायसिनची बैठकही ह्याच अक्षराशेजारी असल्याने तेही निष्प्रभ होते.

परंतु असा ठिगळ लावलेला रायबोसोम पूर्वीइतका तरबेज राहत नाही, काही प्रथिने घडविताना तो चुकतमाकत चालतो. म्हणून औषध नसताना हे जनुक मिटलेले असणेच जंतूच्या हिताचे. मग औषध आले हे ओळखून ते उघडावे कोणी? १९८० साली अमेरिकेत बर्नार्ड वाइसब्लम ह्यांच्या व डेव्हिड डुब्नाऊ ह्यांच्या प्रयोगशाळांतून ह्याचे उत्तर मिळाले. पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमधील अशा एका जनुकाच्या आधी एकोणीस अमिनो आम्लांचे एक छोटे प्रास्ताविक आहे. संदेशाचा धागा नेहमीच तयार असतो, पण मुख्य प्रथिन कोठून वाचावयास आरंभ करावा ती जागा वेटोळ्यात दडलेली असते. औषध नसेल तर रायबोसोम एकोणीस कड्या गुंफून उतरून जातो, वेटोळे तसेच राहते, दार बंद. एरिथ्रोमायसिन पोटात घेतलेला रायबोसोम मात्र नऊ कड्या गुंफतो आणि थबकतो. त्या नऊ कड्यांची साखळी व औषध ही भुयारात एकमेकांस अशी रेटून बसतात की दहावी कडी जोडताच येत नाही. थबकलेल्या रायबोसोमखाली धाग्याचा पहिला तुकडा दाबला जातो. पहिल्याचा जोडीदार असलेला दुसरा तुकडा मोकळा होऊन तिसऱ्यास बिलगतो, आणि तिसऱ्याच्या मिठीत असलेला चौथा सुटतो. ह्या चौथ्या तुकड्यावरच आरंभाची जागा आहे. दुसरा रायबोसोम तेथे चढतो आणि ठिगळ लावणारे प्रथिन घडू लागते. ज्या विषाने रायबोसोमास जखडले, त्यानेच उताऱ्याच्या कपाटाची कडी काढली, असे म्हणावयास हवे!

येथे एका चतुर विद्यार्थिनीने आम्हांस पेचात पकडले. सगळेच रायबोसोम औषधाने अडले तर उतारा घडविणार कोण? प्रश्न अगदी मर्मावर आहे. औषध भरपूर असेल तर उतारा वेळेवर घडणे खरोखरच कठीण जाते. हे प्रथिन आधीच जुळून तयार झालेल्या रायबोसोमास ठिगळ लावू शकत नाही, नव्याने जुळत असलेल्यासच लावते, म्हणून जंतूस वेळही हवा असतो. औषध थोडे असेल तर काही रायबोसोम अडतात व काही मोकळे राहतात. अडलेले दार उघडतात आणि मोकळे काम करतात. म्हणजे जंतूस मारण्यास अपुरी पण त्यास जागे करण्यास पुरेशी अशी औषधाची एक मात्रा असते. तबकडीवर नेमके हेच घडले होते. एरिथ्रोमायसिन टिकलीपासून झिरपत झिरपत क्लिंडामायसिनच्या अंगणापर्यंत पोचले होते, तेही पातळ होऊन. त्या बाजूच्या जंतूंचे रायबोसोम थबकले, जनुक उघडले, आणि ते दोन्ही औषधांस पुरून उरले. उरलेल्या तीन बाजूंस केवळ क्लिंडामायसिन होते. त्यास हे कुलूप उघडता येत नाही, म्हणून तेथे जंतू मेले. 'डी'ची सरळ रेघ म्हणजे थबकलेल्या रायबोसोमांची डोळ्यांना दिसणारी सीमारेषाच.

तीन बाजूंनी जंतू मरत असूनही क्लिंडामायसिन निरुपयोगी का ठरविले, ही शंका राहते. कोट्यवधी जंतूंत एखाद्याचे प्रास्ताविक बिघडलेले असते, त्याचे दार सदैव उघडेच राहते. रोग्यास क्लिंडामायसिन दिले तर बाकीचे मरतात आणि हा एकटा मोकळ्या रानात वाढतो. म्हणून बाईंनी ती दोन ओळींची सूचना लिहिली होती. अशी परीक्षा न करता, दोन टिकल्या दूरदूर ठेवल्या असत्या, तर वलय सुरेख गोल दिसले असते व औषध चुकले असते.

थबकण्याचे सगळेच प्रकार विषाशी निगडित नाहीत. जपानातील कोरेआकी इतो व त्यांचे सहकारी ह्यांनी ई. कोलायमधील सेकएम नावाच्या प्रथिनाचा अभ्यास करून २००२ साली दाखविले की त्याची साखळी भुयाराच्या भिंतीस स्वतःच अडकते, १७० पैकी १६६ व्या कडीपाशी. हे प्रथिन पेशीच्या पडद्याबाहेर जावयाचे असते. बाहेर नेणारे यंत्र तत्पर असेल तर ते साखळीचे पुढचे टोक धरून ओढते व अडक सुटते. यंत्र कमी पडत असेल तर रायबोसोम बराच वेळ उभा राहतो, आणि तोपर्यंत त्याच धाग्यावरील पुढचे जनुक उघडे राहते. ते जनुक असते त्या ओढणाऱ्या यंत्राच्याच एका भागाचे! खरोखर ओढल्याने सुटका होते हे पुढे २०१५ मध्ये प्रकाशाच्या चिमट्यांनी एकेक रेणू खेचून सिद्ध करण्यात आले. विहिरीत अडकलेल्या पोहऱ्यास झटका देऊन सोडवितात, त्याचीच ही आवृत्ती.

जेथे थबकणे हेतूचे नसून अपघाताचे असते, उदाहरणार्थ धागाच मध्ये तुटलेला असतो, तेथे जीवाणू एक खास आरएनए पाठवून रायबोसोम सोडवितो व अर्धवट साखळीस अकरा अमिनो आम्लांची खूण लावून ती मोडीत काढतो. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमच्या कोळारला ह्या विषयाचे महत्त्व वेगळ्या कारणानेही आहे. येथील औद्योगिक वसाहतीत औषधे बनविणारे कारखाने आहेत आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडील व भाऊ तेथे पाळीवर जातात. औषध बनविणाऱ्या हातांचा आम्हांस अभिमानच वाटतो. पण औषध बाटलीत न जाता ओढ्यात गेले तर काय होते, हे बीदरहून हैदराबादेस जाताना लागणाऱ्या पटनचेरूने जगास दाखविले आहे. तेथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन रायबोसोमवर नव्हे, डीएनए हाताळणाऱ्या प्रथिनांवर काम करते, त्यामुळे ते वर वर्णिलेले कुलूप उघडीत नाही. परंतु रोग्याच्या पोटाऐवजी ओढ्याच्या गाळात जंतूंना औषधाची रोजची भेट घडावी, ही गोष्ट कोणत्याही औषधाच्या बाबतीत चिंतेचीच. अर्धवट घेतलेली गोळी आणि ओढ्यात मिसळलेले औषध ह्यांत जंतूच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी त्यास मात्रा मिळते ती अपुरी.

आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यास अहवाल पाहून डॉक्टरांनी तिसरेच औषध दिले. ते त्याने ठरलेल्या दिवसांपर्यंत घेतले, रोज शाळेत येऊन हजेरीच्या वेळी आम्हांस तसे सांगितलेही. जखम भरली. डब्यातील जुन्या गोळ्या त्याच्या आईने बहिणीस न देता आमच्याकडे पाठवून दिल्या, त्या आम्ही डॉक्टरांकडे पोचविल्या. 'डी' काढलेली ती तबकडी आमच्या प्रयोगशाळेत मांडून ठेवावी अशी मुलांची फार इच्छा होती. बाईंनी ती देण्यास नकार दिला, आणि आमच्या समोरच ती इतर तबकड्यांबरोबर वाफेच्या भांड्यात ठेवून झाकण लावले.